निधी आधी की भाषा आधी? पाड्यावर सेवेला निघालेल्या तरुणांना उत्तर

पुण्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) आठ तरुण-तरुणींनी विचारले आहे: आम्हाला नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या पाड्यांवर दर महिन्याला आठवडाभर सुवार्तेच्या आणि सेवेच्या कामाला जायचे आहे. परदेशात स्थायिक झालेल्या एका नातेवाइकाची मंडळी साउंड सिस्टिम, प्रोजेक्टर आणि लहानशा हॉलसाठी पैसे द्यायला तयार आहे. हिंदी आणि इंग्रजी गाणी बसवून झाली आहेत. निधी आत्ताच घ्यावा की आधी जाऊन यावे? आणि तिकडे मराठीत भागेल का?

सलाम. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमची तळमळ खरी आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. निधी आत्ता घेऊ नका. मराठीत भागणार नाही. पुरुषमंडळींशी आठवडेबाजारापुरते बोलणे होईल, पण घरातल्या बाया, म्हातारी माणसे आणि शाळेत न गेलेली पोरे पावरी किंवा भिली या आदिवासी बोलींत बोलतात. आजारपण, कर्ज, पोटच्या पोराचे मरण यांविषयी माणूस ज्या भाषेत बोलतो ती त्याची भाषा, आणि ती तुम्हाला अजून येत नाही.

मी 34 वर्षे पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, म्हणून काम केले, बहुतेक काळ अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. मधली सहा वर्षे सातपुड्याच्या पायथ्याशी पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) भाषांतराची तपासणी करण्यात गेली. तुम्ही भाषा आणि पैसा असे दोन प्रश्न विचारलेत. माझ्या अनुभवात तो एकच प्रश्न आहे: हे काम कोणाचे?

एक प्रसंग सांगतो. उमेदीच्या काळात मी ज्या गावी होतो तिथे एका बाहेरच्या संस्थेच्या पैशातून उपासनेसाठी पत्र्याचा हॉल बांधला. नकाशा त्यांचा, ठेकेदार शहरातला, उद्घाटनाची पाटी इंग्रजीत. मी स्वतः त्या कामावर देखरेख केली आणि मला त्याचा अभिमानही वाटला. तीन वर्षांनी वळवाच्या वादळात अर्धे पत्रे उडाले. सकाळी दारात दोन माणसे उभी. दोघेही मंडळीचे सभासद, त्यातला एक पंच. म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्या हॉलचे पत्रे उडाले." तुमच्या! त्याच माणसांनी आदल्या वर्षी मारुतीच्या पारावरचे छप्पर स्वतः वर चढून शाकारले होते. गावाचे काम म्हटल्यावर त्यांना कोणी बोलवावे लागले नव्हते. आमच्या हॉलचे पत्रे मात्र पाऊस सुरू झाला तरी शेतात पडून होते. दोष त्यांचा नव्हता. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आता भाषेकडे येतो, कारण तुमची खरी तयारी तिथे हवी.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायावर काम करत होतो, उत्तम मेंढपाळाचा तो अध्याय. त्याच्या जोडीला 23 वे स्तोत्र. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेला धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसह तळ, गावाबाहेर बसला होता. बाजरी निघालेल्या रानात शेतकऱ्याने खतासाठी मेंढरे बसवून घेतली होती आणि बदल्यात धान्य देणार होता. संध्याकाळी मी तिकडे गेलो. वाड्यातल्या म्हाताऱ्याला विचारले, मेंढरांविषयी आमच्या शास्त्रात लिहिले आहे, वाचून दाखवू का, चुकले असेल तर सांगा. तो हसून म्हणाला, वाचा की.

'मेंढवाडा' शब्दाशीच त्याने मला थांबवले. "मेंढवाडा म्हंजी?" मी सांगितले, दगडी भिंतीचा आवार, त्यात रात्री मेंढरे कोंडतात. त्याने मान हलवून समोर बोट दाखवले. खुंटांना ताणून बांधलेली जाळी होती, तिला ते वाघर म्हणतात. "आमचं हे हाय." मी विचारले, मग दार कुठे? जाळीची दोन टोके जिथे भेटतात तिथे घोंगडी अंथरलेली होती. "दार कुठलं? तितं मी निजतो."

मी वीस वर्षे 'मीच दार आहे' या वचनावर उपदेश केला होता. दार म्हणजे येशू, देवाकडे जाण्याचा मार्ग, असे सांगत आलो होतो. लाकडाचे दारच नसते, मेंढका स्वतः फटीत आडवा पडतो आणि लांडगा आला तर आधी त्याच्या अंगावरून जावे लागते, हे मला त्या रात्री कळले.

पुढे स्तोत्रातली 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' ही ओळ वाचली. मी समजत होतो, आकडी म्हणजे भरकटलेले मेंढरू मानेला अडकवून ओढायचे साधन. त्याने कोपऱ्यातली लांब आकडी उचलली आणि बाभळीची फांदी ओढून खाली आणली. कोकरे धावत येऊन पाल्यावर तुटून पडली. म्हणजे त्याच्या हातातली आकडी आधी खाऊ घालण्यासाठी होती. स्तोत्रकर्त्याच्या मनात काय होते हा इब्री (हिब्रू) जाणणाऱ्यांचा विषय आहे, पण त्या ओळीत धीर कशाने येतो हे त्या वाड्यावर कोणालाही समजावून सांगावे लागले नसते.

तो म्हातारा ख्रिस्ती झाला नाही. मी त्यासाठी गेलोही नव्हतो. चार दिवसांनी वाडा उठून गेला. पण तिथे शास्त्र मला त्या म्हाताऱ्याने शिकवले, हे मी आजही मोकळेपणाने सांगतो.

भाषांतराची तपासणी करताना आमचा नियम साधा होता. उतारा वाचून दाखवायचा आणि 'समजले का' असे कधीही विचारायचे नाही, कारण पाहुण्याचा मान राखायला सगळे 'हो' म्हणतात. 'आता तुम्ही तुमच्या शेजारणीला सांगा' असे म्हणायचे आणि गप्प बसून ऐकायचे. ती सांगताना जो शब्द वापरते तो बहुधा आपल्या कागदावरच्या शब्दापेक्षा चांगला असतो. ती जिथे अडखळते तिथे चूक आपली असते. तुम्ही गोष्टी सांगणार असाल, गाणी शिकवणार असाल, आरोग्याची माहिती देणार असाल, तरी हीच पद्धत ठेवा.

हे काही माझे शोध नाहीत. आपल्याच मातीत याला चारशे वर्षांची परंपरा आहे आणि तिच्यात उजेड आणि अंधार दोन्ही आहेत. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. इंग्रज माणूस, पण आपल्या लोकांची बोली शिकला, ओवी शिकला आणि 'क्रिस्तपुराण' रचले. सुमारे 11 हजार ओव्यांचे ते पुराण 1616 मध्ये रोमन लिपीत छापले गेले, कारण हाताशी ठसे तेच होते. मोगरा आणि कस्तुरीशी तुलना करून त्यात केलेली मराठीची थोरवी शाळेत आपण सगळ्यांनी वाचली आहे. पण हेही विसरू नका की गोव्यातल्या ज्या साष्टी भागात हे पुराण वाचले गेले, तिथली देवळे त्याआधी पन्नास वर्षांच्या आत पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. भाषा लोकांची आणि दडपण राज्याचे, अशी ती जोडी होती. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांना तीन वर्षांत पोर्तुगीज शिकायला आणि कोकणी टाकायला फर्मावले. लोकांच्या भाषेवरचे प्रेम सत्तेच्या मर्जीवर टिकत नाही, ते लोकांच्या हातात असावे लागते.

आमच्या नगरकडे अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केले, मराठीत. 1854-55 मध्ये त्या मिशनच्या बोस्टनमधल्या कचेरीचे सचिव रूफस अँडरसन भारतात आले. मंडळी स्वतःच्या पैशावर चालावी, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी, हा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्यांनी गावोगावच्या मराठी शाळांवर भर दिला आणि इंग्रजी शाळांना आवर घातला. तत्त्व मला पटते, अंमल पूर्ण पटत नाही. ज्या मुलाला इंग्रजीमुळे गावच्या वेठीतून सुटका मिळाली असती, त्याला 'तुझी भाषा तुला पुरे' असे बोस्टनहून सांगणे न्यायाचे नव्हते. म्हणून पाड्यावरची पोरे तुमच्याकडे इंग्रजी मागतील तेव्हा त्यांना जरूर शिकवा. त्यांच्या बोलीचा मान राखणे वेगळे आणि त्यांना त्या बोलीत अडकवून ठेवणे वेगळे.

मग रेव्हरंड ना. वा. टिळक. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे मोकळेपणाने सांगितले आणि आमच्या मंडळ्यांना अभंग, भजन, कीर्तन दिले. त्यांच्या आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन गावोगाव नेले होते. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय मांडला. भाषा आपली हवी, तशी भाकरही आपली हवी, हे त्यांनी जगून पाहिले. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण आजही खेड्यातल्या उपासनेत पेटी उघडली की पहिले गाणे टिळकांचे निघते. पगाराच्या वहीतून असे काही उगवत नाही.

इथे एका गोष्टीवर मला थांबावे लागेल, कारण तरुण लोक 'स्थानिक संस्कृती' म्हणून उत्साहाने चूक करतात आणि मीही ती केली आहे. एका नाताळात मी सुचवले की उपासनेत तबला-पेटीऐवजी हलगी आणू, ती आपल्या मातीची. सभा संपल्यावर एक निवृत्त शिक्षक, मातंग समाजातून आलेल्या घराण्यातले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, माझ्या आज्याला पाटलाच्या दारात हलगी वाजवावी लागायची. लग्न असो की मढं. ती त्यानं गळ्यातून उतरवली आणि मग बाप्तिस्मा घेतला. तुम्ही ती माझ्या नातवाच्या गळ्यात परत घालणार?" मी त्यांची क्षमा मागितली. दहा कोसांवरच्या दुसऱ्या मंडळीत त्याच समाजाची तरुण पोरे नाताळच्या मिरवणुकीत हलगी अशी कडकडवतात की ऐकत राहावे. ती त्यांनी स्वतः आणली, अभिमानाने. वाद्य तेच, गाव शेजारचे. तिथे काय वाजवायचे, हे बाहेरून आलेल्या माणसाने ठरवायचे नसते. टिळकांच्या संस्कृतप्रचुर ओळीही काही घरांना आपल्या वाटतात, काहींना शाहिरी चाल जवळची वाटते. पाड्यावर ढोल आहे, पावा आहे म्हणून लगेच व्हिडिओ काढून भजन बसवू नका. ते वाद्य कोण वाजवते, कधी वाजवते, कोणत्या विधीत वाजवते हे कळायला एक वर्ष जाऊ द्या.

आता पैसा. स्थानिक साधनांवर काम चालते का? चालते, पण त्यासाठी आधी ती साधने पाहायची नजर लागते.

आमच्याकडे बाजरीची सोंगणी उरकली की मंडळीत कापणीचा सण होतो. लोक पायलीभर बाजरी, दुधी भोपळा, मेथीच्या जुड्या, कोंबडी, जे असेल ते वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका वर्षी एका विधवा आजीने एकच अंडे आणले होते, पदराच्या टोकात बांधून. लिलाव करणाऱ्याने ते हातावर उंच धरले. वीस रुपयांपासून बोली सुरू झाली. एका शिक्षकाने ते तीनशेला घेतले आणि पुन्हा टेबलावर आणून ठेवले, "मंडळीला परत." पुन्हा बोली. चार वेळा विकले गेले ते अंडे आणि सगळे मिळून 1,140 रुपये झाले. आजी भिंतीशी बसून प्रत्येक बोली मोजत होती. तिच्या अंड्याने त्या महिन्याचे विजेचे बिल भरले आणि वर काही उरले.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा रविवार. चिटणीसांनी जमाखर्च मोठ्याने वाचला. त्याच आजी उठल्या आणि विचारले, "चहा-साखरेला पंच्याऐंशी कसे गेले?" चिटणीसांना पावती दाखवावी लागली. पंचवीस वर्षे परदेशी देणग्यांवर चाललेले प्रकल्प मी पाहिले आहेत. त्यांचे हिशेब चार्टर्ड अकाउंटंटनी तपासलेले असत, अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेले असत, पण गावातल्या एकाही बाईने त्यांतल्या पंच्याऐंशी रुपयांचा जाब विचारलेला मी ऐकला नाही.

मिझोरामच्या मंडळ्यांत गेल्या शंभर वर्षांहून अधिक काळ एक रीत आहे. घरची बाई प्रत्येक वेळी भात शिजवायला घेताना त्यातले मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी वेगळे काढते. मंडळीच्या बाया ते तांदूळ गोळा करतात, विकतात, आणि त्या मुठींतून मिझो सुवार्तिक भारतभर जातात. गरीब प्रदेश, डोंगराळ, पण हात पसरलेला नाही. 25 डिसेंबर 1905 रोजी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हाचे तत्त्वही हेच होते: माणसे भारतीय, पैसा भारतीय, नेतृत्व भारतीय. तिच्या संस्थापकांतले व्ही. एस. अझरिया 1910 च्या एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांसमोर उभे राहून म्हणाले होते की तुम्ही खूप काही दिलेत, पण आम्हाला मित्र द्या. पाड्यावरची माणसे पुणेकरांकडे हेच मागतील, फक्त शब्दांत बोलणार नाहीत.

बाहेरचा पैसा पाप आहे असे मी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या लोकांनी वर्षानुवर्षे मदत केली. त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिकडून देणग्या येतच होत्या. पण तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला आणि मुलींनी छपाईचे खिळे जुळवले. इब्री-ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायांना कळेल अशा मराठीत सगळे पवित्र शास्त्र आणले, 1922 मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम त्यांच्या हातून पुरे झाले होते. म्हणजे पैसा कुठला यापेक्षा हात कोणाचे आणि निर्णय कोणाचा, हे पाहा. मी एक कसोटी लावतो. एकदाच लागणारा मोठा खर्च, जसे पुस्तक छापणे किंवा विहीर खणणे, त्याला बाहेरून हात मिळाला तर घ्यावा, तोही लोकांनी आपला वाटा उचलल्यावर. दर महिन्याला लागणारा खर्च, विशेषतः माणसाचा पगार, बाहेरच्या पैशावर कधीही उभा करू नका. तो थांबला की माणूस उघड्यावर पडतो.

कायद्याची बाजूही समजून घ्या. परदेशी देणगी घ्यायला परकीय अंशदान कायदा, 2010 नुसार नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते आणि एक संस्था ती दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे 'ओळखीच्या ट्रस्टमधून फिरवून घेऊ' हा मार्ग बंद आहे आणि तो सुचवणाऱ्याचे ऐकू नका. दुसरे, धर्माचा प्रचार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या 25 व्या कलमात आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी माझे सांगणे तेच राहील. ज्या हाताने औषध द्याल, वही-पेन द्याल, त्या हातात त्याच वेळी पत्रक नसावे. भुकेल्या माणसाने दिलेला होकार मी होकार धरत नाही, आणि तुमच्या साउंड सिस्टिमकडे पाहून जमलेली गर्दी ही मंडळी नव्हे.

तर आता काय करायचे. आठ जणांनी एकदम जाऊ नका, दोघे-दोघे जा. त्यात एक मुलगी असू द्या, नाहीतर बायांशी बोलणे होणारच नाही. आधी त्या भागात काम करणारा पावरी किंवा भिली बोलणारा पाळक अथवा सुवार्तिक शोधा. असे लोक आहेत, तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जुने. त्यांच्या हाताखाली राहा, त्यांच्या कामात अडचण होईल असे वेगळे दुकान मांडू नका. गावचे पोलीस पाटील, सरपंच, जुने कारभारी यांना भेटून आपण कोण, कशाला आलो, हे खरे सांगा. मुक्काम कोणाच्या घरी पडला तर शिधा द्या, आणि ते देतील ती भाकर त्यांच्याबरोबर बसून खा.

पहिले तीन महिने उपदेश करू नका. रोज दहा शब्द शिका आणि वहीत देवनागरीत लिहा. पहिले शब्द घरातले घ्या: चूल, पाणी, ताप, उपास, उधारी, माहेर. राग कसा आला ते कसे सांगतात, क्षमा केली हे कसे सांगतात, वचन मोडले हे कसे सांगतात, ते टिपा, कारण पुढे तुमचे सगळे बोलणे या तीन-चार क्रियापदांवर उभे राहणार आहे. फोनचा उपयोग करायचाच तर गाणी ऐकवायला नको, म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी रेकॉर्ड करायला करा, त्यांना विचारून. त्या त्यांच्या नातवंडांना ऐकवा. बसवलेली हिंदी-इंग्रजी गाणी सध्या पुण्यातच राहू द्या.

नातेवाइकांच्या मंडळीला नम्रपणे कळवा की वर्षभर आम्हाला प्रार्थना हवी आहे, पैसा नको. ते खरोखर मित्र असतील तर थांबतील. प्रवासखर्च आठ जणांनी आपल्या पगारातून आणि मंडळीच्या दानार्पणातून काढा. नंदुरबारपर्यंत रेल्वे आहे, पुढे एसटी आणि जीप. फार लागत नाही.

तीन महिन्यांनी ती शब्दांची वही घेऊन माझ्याकडे या. शनिवारी सकाळी मी घरी असतो. वही कोरी राहिली असेल तरी या, मग कुठे अडले ते पाहू.